तळघरातली जर्मन गाडी

ऐक,

छोटीला लस टोचायला नेतेय, सहापर्यंत येऊ. जेवण झाकून ठेवलंय.

तिची बाबागाडी काढायला तळघरातल्या आपल्या अडगळीच्या खोलीत गेले होते. तिथे तुझी ती महायुद्धातली जर्मन लष्करी गाडी दिसली, मी वाढदिवसाला दिलेल्या मॉडेलच्या किटमधली. "दोनशे तुकडे आहेत, महिनाभर रजा मिळाल्याशिवाय हात लावणार नाही," म्हणाला होतास. आता पाहते तर पुरी जोडलेली, रंगवलेली, चाकांना चिखलसुद्धा लावलेला. मला हसूच आलं. तुझी फिरकी घ्यायला ऑफिसात फोन लावला. तिथली बाई म्हणाली, "त्यांना दोन महिन्यांपूर्वीच नोकरीवरून कमी केलं. तुम्हाला माहीत नाही?" मी फोन ठेवला.

म्हणजे दोन महिने मी रोज डबा भरून देत होते आणि तू तो आमच्याच पायांखाली बसून एकटा खात होतास. आज नेमका कुठे बाहेर गेला होतास कोण जाणे.

रागावलेय, खूप. आणि त्या खोलीला खिडकीसुद्धा नाही, हेही डोक्यातून जात नाहीये. आईंना काही बोललेले नाही. काय सांगायचं ते दोघं मिळून ठरवू.

उद्या सकाळी ऑफिसचे बूट घालू नकोस.

मी