कोरडा उजवा हात

३ ऑक्टोबर १४९१
रोवीला पुरलं. वय तेवीस! गाय व्यायला अडली म्हणून सूर्य मावळल्यावरही सीमेवरच्या वादाच्या रानात थांबला — एवढाच गुन्हा. दिवसा तिथे आम्हा इंग्रजांची गुरं चरतात, स्कॉटांचीही चरतात. अंधार पडल्यावर मागे जे राहील, जनावर असो की माणूस, ते कुणाचंच नाही. नदीपलीकडच्या स्कॉट क्लेमने त्याला भाल्याने भोसकलं. दाद कुणाकडे मागायची? दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांनी हात झटकले.

रोवीचा बाप डँड रडला नाही. सुनेच्या, एफीच्या पोटाकडे बघत राहिला.

१९ ऑक्टोबर
एफीला मुलगा झाला. रोवीचंच नाक!

२० ऑक्टोबर
डँड सकाळीच चर्चमध्ये हजर. बारसं उद्याच हवं — आणि बाळाचा उजवा हात कोरडा ठेवायचा! आमच्या खोऱ्याची जुनी रीत. ज्या हाताला बारशाचं पवित्र पाणी लागलं नाही, त्याने केलेला खून देव मोजत नाही म्हणे.

"डँडकाका, एवढ्याशा जिवाला आत्तापासूनच सुडाला जुंपता?"

"तुझ्या बारशाला जेवलोय मी, मला शिकवू नकोस. तुझाही उजवा हात कोरडाच आहे. त्याच हाताने दर रविवारी आम्हाला आशीर्वाद देतोस ना? काही बिघडलं?"

खरंच आहे ते.

तो गेल्यावर एफी आली. बाळंतीण बाई, भिंतीला धरून उभी. "फादर, नवरा तर गेला. हा तरी अख्खाच्या अख्खा देवाला द्या. पाया पडते." मी हो म्हणालो.

२१ ऑक्टोबर
नाही जमलं. डँड शेजारीच उभा होता, भाला दाराशी टेकवलेला. बाळाचा उजवा हात फडक्यात गुंडाळलेला. मी बाळाला पाण्यात बुडवलं — तेवढा हात वर धरून. एफीने माझ्याकडे पाहिलंही नाही.

भेकड आहे मी!

२५ ऑक्टोबर
एफी चर्चला आली नाही.

२ नोव्हेंबर
डँड भाला घेऊन एकटाच नदीपलीकडे गेला. "नातू हाताशी येईपर्यंत मी कुठला जगतोय!" असं एफीला म्हणाला. आता क्लेम तरी मरणार, नाहीतर हा. आज मृतात्म्यांचा दिवस, सगळे मृतांसाठी प्रार्थना करतात. मी जिवंतांसाठी केली.

३ नोव्हेंबर
आला! भाला स्वच्छ. त्यानेच चुलीजवळ बसून सांगितलं, तुटक तुटक —

"त्यांच्या चर्चच्या भिंतीआड दबा धरला होता. क्लेम बाहेर आला. हातांत तान्हं पोर... त्याचंही बारसं होतं रे आज."

मग त्याने चुलीत एक काटकी सारली.

"त्याचाही उजवा हात फडक्यात. तो हात कुणासाठी राखलाय त्यांनी? आपल्या बाळासाठीच की!"

मी ओटची भाकरी पुढे केली. त्याने खाल्ली नाही. मला त्याची फार दया आली, आणि त्याहून जास्त त्या दोन पोरांची.

४ नोव्हेंबर
पहाटे डँड आणि एफी बाळाला घेऊन आले. म्हाताऱ्याने बारशाच्या पाण्यात आधी स्वतःचा उजवा हात घातला, मनगटापर्यंत. मग फडकं सोडून नातवाचा बुडवला. बाळ रडलं. एफीही.

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आता तुझा."