काटा लाल पट्टीत होता

पिंपळे गुरव,
९ जानेवारी २०२५

ती. जयमालाताईस,
ज्योतीरामचा नमस्कार.

संक्रांतीला राजगुरुनगरला येणं जमणार नाही. ड्युटीचं कारण सांगणार होतो, पण तसं काही नाही.

दाजी कसे आहेत हे विचारत नाही. परवा तूच फोनवर म्हणालीस, शर्टाची बटणं लावता येत नाहीत, आणि सकाळी उठून डबा मागतात, चाकणच्या कंपनीची बस चुकेल म्हणतात. मी म्हणालो, "होईल हळूहळू." होणार नाही, हे मला माहीत आहे.

पित्ताशयाच्या ऑपरेशनला ते तयार नव्हते. "माझ्याच हॉस्पिटलात करू, मी स्वतः आत असेन," हे माझे शब्द. आत होतोही.

ऑपरेशन नीट झालं. भूल पुरती उतरली नव्हती, तशातच त्यांना खालच्या मजल्यावर हलवायचं होतं. अशा वेळी ट्रॉलीवर लहान सिलिंडर ठेवून ऑक्सिजन लावतात. त्याचा काटा बघणं माझं काम. मी बघितला, ताई. लाल पट्टीत होता, म्हणजे सिलिंडर संपत आला होता. दुसरा सिलिंडर आणायला स्टोअरमध्ये जावं लागलं असतं, आणि पुढची केस खोळंबली होती. डॉक्टरांना म्हणालो, "दोन मिनिटांचं काम आहे, पुरेल."

लिफ्ट आलीच नाही. मागे ऑपरेशन थिएटरात वळलो असतो तरी भागलं असतं, तिथे भिंतीतच ऑक्सिजन असतो. मी बटण दाबत राहिलो. दाजींचे ओठ निळे पडले तेव्हा सिलिंडर रिकामा होता. भिंतीच्या ऑक्सिजनपाशी पोचेपर्यंत हृदय थांबलं. छाती दाबून मीच ते सुरू केलं, पण तोवर ऑक्सिजनवाचून मेंदूला इजा झाली होती. तू सगळ्यांना तेवढंच सांगतेस, भाऊ होता म्हणून वाचले.

त्याच संध्याकाळी हॉस्पिटलच्या मॅनेजरने कागद पुढे केला. 'सिलिंडर भरलेला होता.' मी सही केली. बाहेर येऊन तुला म्हणालो, "विड्यांनी फुफ्फुसं गेली होती, भूल सोसली नाही." तेव्हापासून तू विड्यांवरून त्यांना बोलतेस. माझ्यादेखत बोलतेस. ते मान खाली घालून ऐकतात, आणि मी तुझ्या हातचा चहा पितो.

काल खरा जबाब लिहून हॉस्पिटलात दिला. मॅनेजर म्हणाला, "तुमचे दाजीच ना ते? घरचं माणूस. कशाला उकरताय?"

त्या जबाबाची प्रत सोबत आहे. वकिलाला दाखव. मला वाचवायला काही गाळू नकोस.

'तुझा भाऊ' लिहायला हात धजत नाही. जबाबाखाली केली तीच सही इथे करतो.

ज्योतीराम आबाजी शेळके,
ओटी टेक्निशियन