पित्त नव्हते

डार्मश्टाट,
दि. १८ मे २०२५

श्रीमती शुभदाबाई यांस,
सादर नमस्कार.

‘ताई’ हे संबोधन आपण फेब्रुवारीत मला वर्ज्य केलेत. त्याऐवजी कोणते वापरावे हे मला अद्याप ठरवता आलेले नाही. तूर्त ‘बाई’ चालवून घ्यावे. येथे सर्व क्षेम आहे. सिद्धांतला कार्यालयात नवी जबाबदारी मिळाली आहे. स्वानंदी नोकरी, घर आणि सासरा ही तिन्ही आघाड्या न कुरकुरता सांभाळते. नऊ वर्षांची नात ओवी माझे मराठी पूर्णपणे समजून घेते आणि उत्तर जर्मनमध्ये देते. त्यामुळे आमच्या वादांत अद्याप कोणाचाही पराभव झालेला नाही. सध्या पांढऱ्या शतावरीचा मोसम आहे. आपण आयुष्यभर जिच्या मुळ्या विद्यार्थ्यांना दाखवल्यात, तिच्याच एका बहिणीचे कोंब येथे लोणी घालून खातात. चव बरी आहे.

एप्रिलमध्ये आपला एकच निरोप आला होता : “प्रकृती कशी आहे?” मी “ठीक” असे उत्तर दिले. ते उत्तर अपुरे होते, म्हणून आता सविस्तर लिहितो.

येथे आल्यानंतर थोड्याच दिवसांत माझ्या कपाळावर केसांच्या कडेने, कानांमागे आणि मानेवर लाल पुरळ उठले. त्यात बारीक पाणीदार फोड होते आणि खाज अशी की बोलताना वाक्य अर्ध्यावर सुटावे. एके सकाळी डावी पापणी इतकी सुजली की डोळा उघडेना. मध्ये ते जवळजवळ विझले आणि पुन्हा भडकले.

घरात तीन मते पडली. स्वानंदीच्या मते दोष येथील पाण्यातल्या चुन्याचा. ‘काल्क’ हा शब्द ती किटलीकडे बोट दाखवून उच्चारते. सिद्धांतच्या मते बर्च नावाच्या झाडाच्या परागांचा. माझ्या मते ते पित्त होते, आणि मराठी माणसाच्या अंगावर काहीही उठले तरी ते पित्तच असते या न्यायाने मी सांगलीहून आणलेली आमसुले भिजवून ते पाणी कपाळाला चोळू लागलो. त्यात स्वानंदीचे दोन पांढरे टॉवेल कामी आले.

परंतु पित्ताचा पक्ष टिकण्यासारखा नव्हता. पित्ताच्या गांधी फिरत्या असतात : सकाळी दंडावर, दुपारी पोटावर, आणि दिवस उलटण्याआत गेल्या की मागे खूणही उरत नाही. माझे पुरळ हट्टी होते. जागा सोडत नव्हते. घामोळ्या म्हणाव्यात तर त्या घाम साचतो तेथे, टाचणीच्या टोकाएवढ्या उठतात, आणि येथे मार्चमध्ये मी दोन स्वेटर घालत होतो. नायटा कडेने लाल आणि मध्ये निवळलेले असे कडे करून पसरतो. माझ्याकडे कडे नव्हते. नागीण शरीराच्या एकाच बाजूने पट्ट्यासारखी जाते आणि बहुधा तिच्याआधी आग होते. मला तर दोन्ही बाजूंनी समान न्याय मिळाला होता. उरला एकच पर्याय : त्वचेला बाहेरून काहीतरी लागत होते. अशा पुरळाला सीमा असते. वस्तू जेथपर्यंत टेकते, साधारण तेथपर्यंतच ते उठते. माझी सीमा केसांची कड होती.

हे सर्व मला डॉक्टरांकडे जाण्यापूर्वीच कळले होते, शुभदाबाई. या वाक्याची आपण नोंद घ्याल याची मला खात्री आहे.

त्वचेच्या डॉक्टरांचा टेर्मीन, म्हणजे भेटीची ठरलेली वेळ, मिळेपर्यंत एप्रिल अर्धा सरला. डॉक्टरीणबाई तरुण आणि नेमक्या होत्या. दुभाषी म्हणून स्वानंदी सोबत होती. डॉक्टरांनी कपाळ, कान आणि मान भिंगातून पाहिली आणि पहिलाच प्रश्न केला. स्वानंदीने तो मराठीत विचारला : “बाबा, केसांना रंग लावता का?”

मी म्हणालो, “नाही.”

हे उत्तर मी कसे समर्थनीय मानले ते सांगतो. मी रंग लावत नव्हतो, मेंदी लावत होतो. काळी मेंदी, गणपती पेठेत पुडीत मिळते ती. मेंदी हे पान आहे, पान हा रंग नव्हे, म्हणून उत्तर सत्य. या सिद्धांतावर माझी निष्ठा इतकी होती की येथे घरोघरी कचऱ्याचे वेगवेगळे डबे असतात, त्यांपैकी झाडपाल्याच्या तपकिरी डब्यात मी उरलेला लगदा वेळोवेळी टाकत असे. हे काम मी घरातील सर्व माणसे बाहेर पडल्यावर, न्हाणीघराचे दार लावून करत होतो. जे निर्दोष आहे ते दार लावून का करावे लागते, हा प्रश्न चाळीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला पडू नये, याचे नवल वाटते.

डॉक्टरांनी मलम देऊन पुरळ शमवले आणि काही दिवसांनी चाचणीसाठी बोलावले. पाठीवर निरनिराळ्या पदार्थांच्या बारीक टिकल्यांच्या रांगा चिकटवतात, शेजारी क्रमांक लिहितात, आणि दोन दिवसांनी त्या काढून कोणत्या जागी त्वचा चिडली ते पाहतात; मग पुन्हा एकदा पाहतात, कारण काही पदार्थ उशिरा बोलतात. तोवर आंघोळ वर्ज्य. ओवीने माझी पाठ पाहून तिला नाताळच्या आधी रोज एक खिडकी उघडायचे पुठ्ठ्याचे कॅलेंडर म्हटले आणि आत चॉकलेट आहे का, असे जर्मनमध्ये विचारले.

सर्व जागा शांत राहिल्या. फक्त एक चौकोन लाल होऊन फुगला. त्या पदार्थाचे नाव लांबलचक आहे. केस काळे करणाऱ्या रंगांत तो असतो. डॉक्टरांनी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि तोच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा केला. मी मेंदीचे सांगितले. त्यांनी मान हलवली, जणू हे उत्तर त्यांनी आमच्याकडच्या अनेकांकडून ऐकले होते. मेंदीचे पान तांबूस छटा देते, काळी नव्हे. पुडीत काळेपणा येतो तो मिसळलेल्या रसायनाने. वर्षानुवर्षे सोसूनही त्वचा एखाद्या दिवशी त्याला शत्रू मानते, आणि एकदा मानले की जन्मभर मानते. यापुढे ते केसांना लावायचे नाही, आणि गडद रंगाचे नवे कपडेही धुतल्याशिवाय घालायचे नाहीत.

वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिकेला हे सांगताना मला संकोच वाटतो. मेंदीने काळे झालेले केस आपण कृष्णाकाठच्या बाकावर दोन वर्षे शेजारून पाहिलेत आणि एका शब्दानेही हटकले नाहीत. तो आपला संयम होता की करमणूक, हे आपणच जाणता.

परतताना ट्राममध्ये स्वानंदीने दोघांची तिकिटे काढली. मग तिने अगदी हळू विचारले, “बाबा, कोणासाठी?”

हा प्रश्न अप्रस्तुत आहे, असे मी म्हणालो.

“अहो बाबा, अप्रस्तुत म्हणजे उत्तर आहे, पण द्यायचं नाहीये.”

अनुमान निर्दोष होते. मी आपले नाव सांगितले. त्यानंतर, प्रश्न आलेला नसतानाही, मी फेब्रुवारीतली संध्याकाळ सांगितली : आपण बाकावरून उठता उठता म्हणालात, “पोतनीस, दोन घरांत दोन कुकर लावण्यात काय अर्थ आहे? एकच लावू,” आणि मी “विचार करून कळवतो” असे म्हणून पुढच्या आठवड्यात परदेशी निघून आलो. जूनअखेर आपण घर भाड्याने देऊन धारवाडला बहिणीकडे जाणार आहात, हेही सांगितले.

स्वानंदी म्हणाली, “मग तुम्ही इथे शतावरी काय खात बसलाय?”

सिद्धांतला मी स्वतः सांगितले. मला भीती त्याचीच होती. त्याच्या आईला, अहिल्येला, जाऊन आठ वर्षे झाली, तरी तिचा फोटो तो दर पाडव्याला स्वतःच्या हाताने पुसतो. तो रिकाम्या बाटल्यांची पिशवी घेऊन खाली गेला आणि बाटल्यांच्या मानाने फार उशिरा वर आला. म्हणाला, “बाबा, तुम्ही रात्रीबेरात्री पडलात तर फोन कोणाला करायचा, याचा मी कधीपासून विचार करतोय. पुण्यातल्या दोन वृद्धाश्रमांशी बोलूनही झालं. आणि तुम्ही उत्तर खिशात ठेवून फिरत होतात.” मग तो काहीसा हसला. डोळे मात्र हसत नव्हते. ते मी अमान्य करत नाही. त्याला वेळ लागेल आणि तो त्याला द्यावा लागेल.

आता मूळ मुद्दा. पूर्वपक्ष एका शब्दाचा आहे : म्हातारचळ. गावात हा शब्द उच्चारला जाईल, बहुधा आपल्याच कॉलेजच्या निवृत्तांच्या कट्ट्यावर. या शब्दाच्या धाकाने मी आपल्याला उत्तर दिले नाही. आणि केस मात्र काळे करत राहिलो, म्हणजे ज्या आरोपाला भीत होतो त्याचा पुरावा स्वतःच डोक्यावर घेऊन फिरत होतो.

उत्तरपक्ष असा. ज्या पद्धतीने पुरळाचे कारण सापडले तीच येथे लावून पाहिली. जेथे आपली संगत आहे तेथे माझा दिवस भरलेला असतो, हे दोन वर्षे दिसले. येथे मुलगा आहे, सून आहे, नात आहे, स्वच्छ हवा आहे, माझी सर्व प्रकारे काळजी घेतली जाते. केवळ आपण नाही, आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास मला काय करावे ते सुचत नाही. आपण तेथे समाधान, हा अन्वय सिद्ध. आपण नाही तेथे तेही नाही, हा व्यतिरेकही सिद्ध. याहून अधिक पुराव्याची मागणी करणे म्हणजे चिकित्सा नव्हे, पळवाट होय.

म्हणून आपल्या प्रश्नाचे उत्तर : होय.

विवाहाची नोंदणी करावी की करू नये, आपले घर ठेवावे की माझे, हे आपण ठरवावे. माझ्या स्वयंपाकघरात ऊन येते. आपल्याकडे गॅलरीत कुंड्या आहेत. मी कुंड्यांच्या बाजूने आहे. मुलांची परवानगी आपल्याला लागत नाही, तरी माझ्या बाजूची मिळाली आहे असे समजावे. केस सध्या मुळाशी पांढरे आणि वर काळे असे दिसतात. येथील न्हावी कापून देतो म्हणाला. मी थांबा म्हटले, ते आपल्याला दिसू द्यावेत असे वाटले.

हे पत्र सिद्धांतचे मित्र शिरीष बुधवारी सांगलीस जात आहेत त्यांच्या हाती पाठवतो. मी ८ जूनला पोहोचेन. तोवर भाडेकरूंना किल्ली देऊ नये, ही विनंती. आपले मत दरम्यान बदलले असेल तर तो आपला अधिकार आहे, आणि दोष विलंब करणाऱ्याचा आहे. जितके दिवस मी गप्प राहिलो तितके दिवस गप्प राहण्याचाही आपल्याला अधिकार आहे. फक्त तो आपण वापरू नये.

उत्तराधीन,
दत्ता