पहिली बादली

॥ श्री ॥
रिफायनरी कॉलनी,
४ नोव्हेंबर २०२५

ती. आत्तीस,
प्रियदर्शनीचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या कानाच्या मशीननं पुन्हा संप केल्याचं राजवीरदादा सांगत होता. एका परीनं बरंच झालं. फोनवर तू नुसतं जेवलीस का एवढंच विचारतेस, पत्रात तरी मनातलं लिहितेस.

बातमी मोठी आहे. आमचा उत्प्रेरक अखेर खऱ्याखुऱ्या भांड्यात भरला! सात वर्षं मी प्रयोगशाळेत काय करते हे तुला गल्लीत धड सांगता येत नव्हतं, तर आता सांग. डिझेलमध्ये गंधक असतो, तो जळला की धूर विषारी होतो. आम्ही केलेले दाणे, दिसायला शेवयांच्या चुऱ्यासारखे, ते तीन मजली उंच पोलादी भांड्यात भरायचे. वरून तापलेलं डिझेल आणि हायड्रोजन सोडला की गंधक सुटा होऊन निघून जातो. गुऱ्हाळात भेंडीचा रस घालून मळी वर आणतात, तसंच काहीसं. फक्त तुमची भेंडी मळीबरोबर बाहेर जाते आणि आमचे दाणे जागच्या जागी राहून वर्षानुवर्षं राबतात. गंमत अशी की, गंधक काढण्याआधी या दाण्यांना पोटभर गंधकच पाजावा लागतो.

फिटर मंडळींनी भांड्याच्या तोंडावरच नारळ फोडायचा हट्ट धरला होता. दाण्यांना पाण्याचा थेंब चालत नाही, म्हणून मी तो खाली अंगणात फोडायला लावला. अजून काही जण माझ्याशी धड बोलत नाहीत.

आजवर इथं परदेशी माल यायचा. डिझेलच्या दहा लाख भागांत गंधक दहाच्या खाली आला तर आमचा माल राहणार. नाही आला तर रिफायनरीचे विश्वजित साहेब भांडं रिकामं करून पुन्हा परदेशी माल भरणार आणि आमची तुकडी मोडणार. जीव टांगणीला लागलाय, आत्ती.

दादाला नमस्कार. तुझा लोभ आणि तुझा राग, दोन्ही माझ्यावर आहेत तसेच राहू देत.

तुझी,
प्रिया

॥ श्री ॥
बिद्री,
९ नोव्हेंबर

चि. प्रियास,
चिमणाबाईचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. तीनदा वाचलं, त्यातलं दोनदा काही कळलं नाही. गंधक काढायला गंधकच पाजायचा, म्हणजे काट्यानं काटा काढायचा की! एवढ्यासाठी सात वर्षं लागली होय? नारळाचं मात्र बरोबर केलंस. नारळ कुठं फुटला याचं देवाला काही नसतं, माणसांनाच असतं.

इकडं कारखान्याचा हंगाम सुरू झालाय. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवलाय, डेअरीला जायचं तर बांधावरून. परवा तुझ्या दादानं पॉवर टिलरमध्ये डिझेल ओतताना चांगलं पावशेर जमिनीला पाजलं. मी त्याला असा झाडला की जेवायला घरी आला नाही. एवढीशी होतीस तेव्हा तू मुरगूडहून कॅन आणून ओतायचीस आणि नरसाळं बोटानं निपटून शेवटचा थेंबसुद्धा टाकीत सोडायचीस. ते वळण तुला लागलं, त्याला लागलं नाही.

डेअरीत सगळ्यांना सांगितलंय, आमची प्रिया डिझेल धुते म्हणून. अंबूबाईनं विचारलं, साबणानं धुते का. तिला म्हटलं, आठ दिवस दम धर. यश आलं की नृसिंहवाडीला अभिषेक घालीन आणि डेअरीत पेढे वाटीन, असं बोलून बसलेय. आता माझी अब्रू तुझ्या हातात.

वेळेवर जेवत जा. आमची आठवण आहे तेवढी असू दे, कमी करू नकोस.

तुझी आत्ती

॥ श्री ॥
रिफायनरी कॉलनी,
१४ नोव्हेंबर

ती. आत्तीस,
शि. सा. न. वि. वि.

पेढे सांगितले असशील तर थांबव. पहिल्या नमुन्यात गंधक चौसष्ट आला, दुसऱ्यात एकसष्ट. साहेब ओरडले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. सोमवारी भांडं रिकामं करायचा हुकूम निघालाय. तोवर एक शेवटचा नमुना घेऊ म्हणालेत, तोही माझ्या समाधानासाठी.

दोन्ही नमुने मी स्वतः घेतले, दुसऱ्याच्या हातात बाटली देववेना. नळाखाली बाटली अशी धरली की फरशीवर डागसुद्धा पडला नाही. तू असतीस तर पाठ थोपटली असतीस. म्हणजे नमुना चोख आहे, खोट मालातच आहे.

खूप रडले. सात वर्षं एकाच गोष्टीमागे धावले आणि ती गोष्टच कुचकामी निघाली. अंबूबाईला इतक्यात काही सांगू नकोस. तुझ्या मायेला मी पात्र ठरले नाही, तरी ती पातळ होऊ देऊ नकोस.

प्रिया

॥ श्री ॥
रिफायनरी कॉलनी,
१६ नोव्हेंबर

ती. आत्तीस,
शि. सा. न. वि. वि.

आत्ती, सात! चौसष्ट नाही, एकसष्ट नाही, सात!

आज शेवटचा नमुना घ्यायचं माझ्या जिवावर आलं होतं, म्हणून आमच्या प्रयोगशाळेतल्या मोहितला घ्यायला सांगितलं आणि मी नुसती शेजारी उभी राहिले. त्यानं नळाखाली बाटली धरलीच नाही, आधी बादली ठेवली आणि नळ सोडून दिला. डिझेल धो धो वाहायला लागलं. न राहवून मी नळ बंद करायला हात पुढे केला, आणि हात तिथंच राहिला. बादलीतलं डिझेल आधी पिवळं होतं. बादली भरत आली तशी वरून पडणारी धार पाण्यासारखी नितळ झाली.

त्या नळाची नळी लांबलचक आहे. आमचा माल कामाला लागण्याआधीचं जुनं तेल तिच्यात साचून राहिलं होतं. ते काढून टाकल्याशिवाय बाटली भरायची नसते, हे मला पाठ आहे, मी इतरांना शिकवते. पण नळासमोर उभी राहिले की माझा हात सांडू देत नाही. दोन्ही वेळा मी थेंबही बाहेर सोडला नाही आणि नळीतलं जुनंच तेल बाटलीत भरून घेतलं. आपल्याच मालावर आपल्याच हातानं डाग लावला.

नितळ धारेतून बाटली भरली. सात आला. साहेबांनी स्वतः उभं राहून पुन्हा नमुना घ्यायला लावला, तेव्हा सहा. सोमवारचा हुकूम त्यांनी तिथल्या तिथं रद्द केला. पुढच्या वर्षी दुसऱ्या भांड्यातही आमचाच माल भरायचा म्हणाले. रुसलेले फिटर दुसरा नारळ घेऊन आले आणि या खेपेला आपणहून अंगणात फोडला.

बादलीतलं डिझेल वाया गेलं नाही बरं का, ते परत टाकीत जातं. हे खास तुझ्यासाठी लिहिलं, नाहीतर रात्रभर तळमळशील. पेढे आता खुशाल सांग. तुझ्या आशीर्वादाचं माप असंच शिगोशीग असू दे.

तुझीच,
प्रिया

॥ श्री ॥
बिद्री,
२१ नोव्हेंबर

चि. प्रियास,
अनेकोत्तम आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं पोस्टमननं एकदमच आणून दिली. मेलं रडकं पत्रच आधी हातात आलं. वाचून तशीच उंबऱ्यावर बसून राहिले, चहा उतू गेला. दादानं दुसरं पाकीट फोडलं आणि मशीन नसलेल्या माझ्या कानात असा ओरडला की सगळी गल्ली गोळा झाली.

पेढे वाटले. अंबूबाईला दोन दिले आणि सांगितलं, साबण लागला न्हाय बघ. तिनं कधी नव्हे ते मान डोलवली. पौर्णिमेला वाडीला जाऊन अभिषेक घालून येते.

आता माझं ऐक. तुझा हात आखडला तो माझ्यामुळं. थेंब सांडू नको, थेंब सांडू नको, असं म्हणत मीच तुला वाढवलं. आमच्या वेळी ते बरोबरच होतं, तुझ्या कामात नाही. तेव्हा आत्तीनं सांगितलंय म्हणून सांड. पहिली बादली बिनघोर सोडायची आणि मग ताठ मानेनं बाटली भरायची. पोरी, तुझा लई अभिमान वाटतो गं.

काल दादानं टिलरमध्ये डिझेल ओतताना पुन्हा सांडलं. सवयीनं माझ्याकडं बघत खाली मान घालून उभा राहिला. मी काही बोलले नाही. तो घाबरून मला डॉक्टरकडं न्यायला निघाला होता.

आमच्यावरचा तुझा लोभ मात्र एक थेंबही सांडू देऊ नकोस.

तुझी आत्ती