माझ्या नावाचा नारळ

नाशिक, रविवार

ती. बाबांना, मृणालीचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे. रूम चांगली आहे, डबाही वेळेवर येतो. झोप तेवढी लागत नाही. आईचे गुडघे कसे आहेत? कुणाल कॉलेजला जातो ना, की नुसता बाईक फिरवतो?

फोनवर बोलले असते, पण तुम्ही स्पीकर लावता आणि उत्तरं काका देतो.

ग्रामपंचायतीत आपल्या वॉर्डाची जागा बाईसाठी राखीव झाली, मला एकवीस पूर्ण झाली, आणि तुम्ही मंडळींनी गावदेवीपुढे माझ्या नावाचा नारळ ठेवलात. नारळ ठेवला की गावात दुसरं कोणी उभं राहत नाही. काका म्हणाला, "तू फक्त सही मार, बाकीचं तुझा बाबा बघेल." मला विचारलं कोणी? चार दिवस नुसती धुमसतेय.

मग शाळेसमोरचा रस्ता डोळ्यांपुढे आला. गोदामाचे ट्रक तिथेच वळतात. शेजारच्या विनितावहिनीची पोर रस्ता ओलांडताना रडते. ते गोदाम आपलंच ना, बाबा?

शुक्रवारी अर्ज भरायला भिवंडीला येते. सही करीन. पण देवीपुढे नाव माझं घेतलंत, तर खुर्चीतही मीच बसणार. ग्रामसभेत पहिला विषय आपल्याच ट्रकांचा काढणार.

रागावू नका. जेवण टाळू नका. पटत नसेल तर माझं नाव मागे घ्या, नारळ उचला, पण गावासमोर उचला.

तुमचीच,
मृणाली