रॉकेटची तीन भोकं

ती. ताईस,

धाकटीचा नमस्कार. गुडघ्यामुळे वाकता येत नाही, तेव्हा तो उभ्यानेच केलाय असं समजून घे. तुझी दाढ काढली का? (काढली असशील तर मुळं किती लांब होती ते कळव. हे कुणीच धड सांगत नाही.) इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे आता ठीक आहे. गेल्या महिन्यात तुझ्या बहिणीला रॉकेटच्या टीममधून काढून टाकतात की काय अशी वेळ आली होती, आणि त्याला कारण सर्वस्वी तुझी बहीणच होती.

हो, रॉकेटच्या. मागच्या पत्रात मी "कॉलेजात एका मंडळात जाते" एवढंच लिहिलं आणि तू ते गाण्याचं मंडळ समजलीस. तू इतकी खूश झालीस की मला खुलासा करवेना. त्याचं असं झालं. त्रेचाळिसाव्या वर्षी पदवीला बसलेल्या बाईशी वर्गातली मुलं फार अदबीनं बोलतात आणि मग हळूच दुसऱ्या बाकावर जाऊन बसतात. डबा मी सहा महिने एकटीनंच खाल्ला. (हे तुला कळवलं नव्हतं. तू लगेच आली असतीस.) एके दिवशी व्हरांड्यात दोन मुली एक लांबलचक नळी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर उभी करायची खटपट करत होत्या आणि ती दर वेळी कलंडत होती. मी नुसतं विचारलं, "हे काय आहे गं?" त्यावर त्यांनी सांगितलं, त्यावर मी आणखी विचारलं, आणि त्यांचा पुढचा तास बुडाला. शेवटी त्यातली एक, जिला सगळे कप्तान म्हणतात (शिकवणारे सरसुद्धा), वैतागून म्हणाली, "काकू, इतकं विचारताय तर शनिवारी वर्कशॉपमध्येच या ना."

गेले. ताई, तिथे मला काय काय कळलं म्हणून सांगू! रॉकेट हलकं व्हावं म्हणून ही मुलं महिनोन् महिने जीव काढतात आणि मग शेवटी त्याच्या नाकात मुद्दाम वजन भरतात, कारण नाक जड नसेल तर ते वर जायचं सोडून हवेत कोलांट्या मारतं. मी आठ दिवस जो भेटेल त्याला हे सांगत होते. दूधवाल्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "असेल."

मला काम मिळालं रंगाचं. टीमचा निळा टी-शर्टही मिळाला, पाठीवर "काकू" लिहिलेला. (मापाला थोडा घट्ट आहे, पण मी तक्रार केली नाही. केली असती तर त्यांनी परत घेतला असता.) तर रंगाआधी रॉकेटच्या अंगावरून हात फिरवताना मला नळीवर तीन बारीक भोकं सापडली. तिन्ही एकाच उंचीवर, अगदी सारख्या अंतरावर. मला वाटलं, कुणीतरी फार मन लावून चूक केलीय. पोरांना ओशाळं वाटायला नको म्हणून मी कुणालाच काही न बोलता त्यांत लांबी (रंगाऱ्याची पुट्टी) भरली, वाळल्यावर पॉलिश पेपरनं घासली, वर रंगाचे दोन हात दिले. इतकं सफाईदार काम मी घराच्या भिंतींवरही केलेलं नाही. सगळ्यांनी वाहवा केली. भोकं कुठे गेली, असं एकानंही विचारलं नाही, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल विचारणाऱ्या मीही विचारलं नाही की ती होती कशाला.

उड्डाणाच्या दिवशी गावाबाहेरच्या माळावर मांडव, खुर्च्या, आणि बटण दाबायला साक्षात कुलगुरू. रॉकेट लांब दांड्याला टेकून उभं. रंग उन्हात असा चमकत होता की मी स्वतःवरच खूश होते. माझ्याकडे काम काही नव्हतं, म्हणून शेजारी लॅपटॉप घेऊन बसलेल्या वायरवालीला (आतल्या सगळ्या वायरी हिच्या, बोलते फार कमी) सहज विचारलं, "काय गं, आपण वर पोचलो हे त्याला कळतं कसं? नाही म्हणजे, पॅराशूट नेमकं तेव्हाच कसं सोडतं?" ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "हवेवरून, काकू. वर हवा विरळ होत जाते ना, ते त्याला आत कळतं. श्वास घेतं ते. तीन भोकं आहेत बघा अंगावर."

तिकडे उलटी मोजणी सुरू झालेली.

आमच्याकडे नियम आहे की कुणीही, अगदी कुणीही, "थांबा" म्हणू शकतं. पण ताई, मी जन्मात कुणाला थांबवलेलं नाही, रिक्षावालासुद्धा माझं घर ओलांडून पुढे जातो. तोंडातून पहिल्यांदा निघालं ते "अहो, जरा हं". त्यानं कोण थांबणार? मग मात्र असा आवाज निघाला की कुलगुरूंनी तापल्या तव्याला लागल्यासारखं बोट मागे घेतलं.

कप्ताननं आधी बटणाच्या पेटीतली किल्ली काढली, मग विचारलं, "काय झालं काकू?"

"भोकं मी बुजवली."

"कुठली भोकं?"

"माझी!" वायरवाली किंचाळली. तिचा एवढा मोठा आवाज टीमनं पहिल्यांदाच ऐकला.

कप्तान फार शांतपणे म्हणाली, "आणखी काय काय बुजवलंय?"

कुलगुरूंना मीटिंग होती, ते गेले. त्यांच्याबरोबर निम्म्या खुर्च्या गेल्या. वायरवाली बारीक स्क्रूड्रायव्हरनं लांबी कोरत बसली आणि मी तिच्या डोक्यावर छत्री धरून उभी. तिसरं भोक मोकळं झालं तशी तिनं त्यावर हलकी फुंकर मारली, आणि लॅपटॉपवरचा उंचीचा आकडा हलला! जमिनीवर बसल्या बसल्या रॉकेटला वाटलं आपण जरा खाली आलो. मी सगळं विसरून म्हणाले, "अगं बाई!" तेव्हा ती सरकली आणि म्हणाली, "मारा, तुम्हीपण मारा."

रॉकेट उडालं. वर एक नारिंगी ठिपका उमलला आणि सावकाश खाली आला. सगळे धावले. मी धावले नाही, गुडघ्यामुळे आणि रडू येत होतं म्हणूनही.

दुसऱ्या दिवशी टी-शर्ट धुऊन, इस्त्री करून पिशवीत घातला आणि परत द्यायला वर्कशॉपमध्ये गेले. कप्तान म्हणाली, "ठेवा तो. भोकं कुठे आहेत ते मलासुद्धा माहीत नव्हतं, काकू. वर्षभर आम्ही प्रत्येकजण समजत होतो की दुसऱ्याला माहीत असेल." आता नवा नियम झालाय. उड्डाणाआधी प्रत्येकानं आपापला भाग मला समजावून सांगायचा आणि माझं समाधान होईपर्यंत रॉकेट हलवायचं नाही. वायरवाली डबा घेऊन माझ्या बाकावर येते. बोलत नाही, पण येते.

पुरे करते. दाढेचं कळव.

तुझी,
धाकटी

ता. क. पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलंच. नवं काम मला झेपत नाहीये. गेल्या खेपेला वायरवालीनं समजावणं अर्ध्यावर आणलं तोच मी "हो हो, कळलं" म्हणून गेले. मला आता थोडंथोडं समजायला लागलंय, आणि या कामाला अजिबात न समजणारं माणूस लागतं. असं माणूस घरात आहे, असं मी कप्तानला सांगून बसलेय. पुढच्या महिन्यात उड्डाण आहे. ये. तुझ्या मापाचा टी-शर्ट शिवायला टाकलाय.

ता. क. २. यजमानांना आणू नकोस. त्यांना सगळं माहीत असतं.