तंबूच्या काठ्या माझ्याकडे आहेत

४ सप्टेंबर, सकाळी.
नातीने फोनमध्ये सोय करून दिली आहे. मी बोलायचं, फोन लिहून घेतो. काय लिहितो कोण जाणे, मला अक्षरओळख नाही. म्हणजे ही डायरी एकदम सेफ. मलासुद्धा वाचता यायची नाही.

ट्रेकचे सतरा दिवस झाले. काल धाकट्या जावेला घेऊन गावात उतरले. शिधा घ्यायला. गुडघ्यासाठी मुळीच नाही. आज तिला पुढे पाठवलं. म्हटलं, वरच्या निवाऱ्यात थांब, दोन दिवसांत गाठते. चार तासांची चढण, त्यात काय! ती म्हणाली, जाऊबाई, नक्की ना? मी म्हटलं, तू पाय उचल, नाहीतर मीच पुढे निघून जाईन.

५ सप्टेंबर.
बुटाचा तळवा उचकटला आहे. चांभार म्हणाला, आजी, एवढ्याने काही होत नाही, खुशाल चाला. त्याला काय कळतंय! तिथेच बसले, तळवा चिकटवून घेतला. आता वाळायला एक दिवस लागणार.

वर निघालेल्या एका दाढीवाल्याबरोबर निरोप दिला : उद्या येते.

६ सप्टेंबर.
घाई कशाला? तंबू दोघींत एकच. ओझं निम्मं व्हावं म्हणून मीच वाटणी केली, कापड तिच्या सॅकमध्ये, काठ्या माझ्या. नुसतं कापड पांघरून ती काय पुढे जाणार? बसली असेल वाट बघत.

निरोप : उद्या.

७ सप्टेंबर, सकाळी सहा.
निघाले!

७ सप्टेंबर, सकाळी आठ.
परत लॉजवर. गावाबाहेरच्या ओढ्याला पूल नाही, नुसते दगड. पाण्याला आज उगाच जोर. त्या दिवशी गावात उतरताना तिथे धाकटीने माझा हात गच्च धरला होता. घाबरली असणार बिचारी, म्हणून धरू दिला.

लॉजवाली म्हणाली, आजी, चादर बदलू की सॅक खाली आणू? मी म्हटलं, चादर बदल. तोंडाने हसली नाही, पण पाठीने हसत गेली.

दोन बहिणी वर चालल्या होत्या. निरोप : उद्या.

८ सप्टेंबर.
सॅक जड वाटते. सगळं बाहेर काढलं. एक स्वेटर कमी करावा म्हटलं, तो धाकटीचा निघाला. तिला थंडी सोसत नाही. परत आत ठेवला. सॅक होती तेवढीच जड.

निरोप पाठवला.

९ सप्टेंबर.
लॉजच्या टेबलाला सहा खुर्च्या. येणारे रात्रीपुरते येतात, सकाळी माझ्याशी गप्पा मारतात, फोटो काढतात, म्हणतात, आजी, या वयात, ग्रेट आहात! आणि निघतात. मी फाटकापर्यंत जाऊन हात हलवते. आज चौघांना पोचवलं. मग खुर्च्या सरळ केल्या. एवढं चालायचं तर पायांना तयारी नको? रेस्ट हाही ट्रेकचाच भाग.

निरोप : उद्या, नक्की.

१० सप्टेंबर.
आज निघालेला पोरगा म्हणाला, आजी, तुमचा निरोप तिला आता पाठ झाला असेल. चोंबडा मेला. तरी दिलाच त्याच्याकडे.

११ सप्टेंबर, दुपारी.
पोचले! ओढा बसून ओलांडला, एकेका दगडावर बूड टेकत. कुणी पाहिलं नाही. चार तासांना सात लागले. वाट वाढली असावी.

धाकटी नाही.

निवाऱ्याच्या रखवालदाराने वही पुढे केली. येणारे-जाणारे तिच्यात लिहितात. मला वाचता येत नाही म्हणून धाकटी दर मुक्कामी चित्र काढून ठेवते : पुढे पाणी असेल तर बादली, चढ असेल तर माझं वाकडं तोंड. इथे माझी सात तोंडं होती, दिवसाला एक. पहिलं हसरं. पुढे हसू कमी कमी. सातव्यानंतर एक बाई, सॅक घेऊन पाठमोरी.

रखवालदार म्हणाला, रोज कोणीतरी सांगायचं, आजी उद्या येतायत. रोज ती राहायची. कालच्या पोरालाही विचारलं तिने, खरंच येणार का हो? तो नुसता हसला. आज सकाळी एका शिक्षिकेच्या तंबूत जागा होती, तिच्याबरोबर गेली. हे तुमच्यासाठी ठेवलंय.

तंबूचं कापड. घडी मी शिकवली तशीच, काठाला काठ.

११ सप्टेंबर, संध्याकाळी.
आत खाटा आहेत. तरी अंगणात तंबू ठोकला. एकटीने. पाऊण तास लागला. आता काठ्याही माझ्याकडे, कापडही माझ्याकडे. आत डाव्या अंगाला पडून पाहिलं, उजवीकडची जागा सोडून. स्वेटर तिथे ठेवला.

एका दिवसाचं तर अंतर. उद्या गाठते.

रखवालदाराला विचारलं, आज वर कोण कोण चाललंय? म्हणाला, कोणीच नाही.